वल्ह्याचे पोट आणि वल्ह्याची पाठ



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेतील आठ विद्यार्थी माझ्याबरोबर गोव्यास आले होते. पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या उत्तर तीरावर चोपडे हे गाव आहे. तेथे माझे आजोळ. नदी तेथे चांगलीच रुंद आहे, समुद्र जवळ आहे, आणि भरती-ओहोटीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. अलीकडे त्या काठावर कयाक भाड्याने मिळू लागल्या आहेत. कयाक म्हणजे एका माणसाने पाय पसरून बसावयाची निमुळती, उथळ होडी. ती मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची; लाकडाच्या अथवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती तयार करीत. आपल्याला मिळाल्या त्या अर्थातच प्लॅस्टिकच्या होत्या. कयाकचे वल्हे दोन तोंडांचे असते. मध्ये दांडा आणि दोन्ही टोकांना एकेक पाते. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असे आळीपाळीने ते पाण्यात घालावयाचे.

प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट होते, आणि सोबतीला माझे मामा आपली उलांडीची होडी घेऊन आले होते. भरती-ओहोटीच्या वेळा मी पाहून ठेवल्या होत्या. पण फराळ, फोटो आणि गप्पा यांत निघावयास पाऊण तास उशीर झाला. तो दोष माझा. नदीच्या मुखाच्या दिशेने थोडे अंतर जाऊन आम्ही परत फिरलो, तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी समुद्राकडे ओढत होते आणि आम्हांला त्याच्या उलट यावयाचे होते. सात कयाक हळूहळू का होईना, पण पुढे सरकू लागल्या. आठवी मात्र मागे पडली. काही वेळाने पाहतो तो ती नुसती मागे पडली नव्हती, तर मुखाकडे वाहत चालली होती.

नवल असे, की त्या कयाकमधील विद्यार्थी आमच्यातील सर्वांत ताकदवान. वर्गात पंजा लढवण्यात त्याला कोणी हरवत नाही. तो दात-ओठ खाऊन वल्हे मारीत होता. पाणी चहूकडे उडत होते. आणि होडी जागची हलत नव्हती. मामांनी आपली होडी त्याच्याजवळ नेली, दोर टाकला आणि त्याला काठाच्या आडोशाला आणले. मुलगा घामाने न्हाला होता. दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि मनगटाच्या वर हात आखडून दगडासारखे झाले होते. मामांनी त्याच्या हातातील वल्ह्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “हें तुवें उरफाटें धरलां मरे! दवल्याचे फाटीन कढी वाडटात?” दवल्याच्या पाठीने का कोणी कढी वाढतो! मग दांडा अर्धा फिरवून त्यांनी तो मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, “वल्लें उदकार मारूं नाका, पुता. उदकांत रोय.” पाण्यावर मारू नकोस, पाण्यात रोव.

माझे मामा कधी कयाकमध्ये बसलेले नाहीत. तरी त्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले, तेच पुढे पुस्तकांत वाचताना मला पानोपानी भेटले. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण आपल्या हातून सुटलेल्या एका साध्या गोष्टीपायी एक मूल समुद्राकडे वाहू लागले, ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून वल्ह्याच्या पात्याविषयी जे समजून घेतले, ते येथे सांगतो.

प्रथम ‘रोव’ या शब्दाचा विचार करू. वल्ह्याने आपण पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते, असे आपण म्हणतो, आणि ते चूक नाही. पण पाणी मागे सरकणे हा आपला हेतू नाही. तो आपला तोटा आहे. चिखलात काठी रोवून तिच्या आधाराने होडी पुढे ओढली, तर काठी जागची हलत नाही आणि आपली सारी ताकद होडीच्या कामी येते. पाणी चिखलासारखे घट्ट नाही, म्हणून पाते थोडे मागे घसरते. जितकी घसर कमी, तितके वल्हे चांगले. पात्याचे सगळे आकार हे त्या घसरीवर शोधलेले निरनिराळे उपाय आहेत.

घरी पाण्याच्या हौदात किंवा मोठ्या बादलीत हात बुडवून पाहा. पंजा सुरीसारखा आडवा धरून फिरवला, तर काहीच जाणवत नाही. तोच तळहात समोर धरून ओढला, तर पाणी अडते. आता तोच हात अधिक वेगाने ओढा. वेग दुप्पट केला, तर अडथळा दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि पात्याच्या क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात. यावरून एक हिशेब निघतो. पाते चौपट मोठे केले, तर तेवढाच जोर मिळण्यासाठी त्याला पूर्वीच्या निम्म्या वेगाने घसरले तरी पुरते. मोठे पाते पुष्कळ पाणी हळू ढकलते. लहान पाते थोडे पाणी जोरात फेकते. जोर तेवढाच, पण दुसऱ्या प्रकारात पाण्याला उडवण्यात अधिक ताकद वाया जाते.

मग पाते सुपाएवढे का करू नये? त्याचे कारण सायकल चालवणाऱ्यास लगेच समजेल. जड गिअर टाकून चढ चढावयाचा, तर प्रत्येक पावंडा लांब पडतो, पण गुडघे भरून येतात. मोठ्या पात्याने प्रत्येक ओढ दमदार बसते, पण ती खांद्याच्या सांध्यावर येते, आणि ज्याच्या खांद्याला ती सवय नाही त्याचा वेग पाच मिनिटांतच मंदावतो. लांबच्या प्रवासाला निघणारे अनुभवी लोक पुष्कळदा लहान पातेच पसंत करतात. आज सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या कयाकच्या वल्ह्याचे एक पाते साधारणतः ६०० ते ७०० चौरस सेंटिमीटर असते. मुलांसाठी त्याहून लहान पाते आणि आखूड, बारीक दांडा हवा. मोठ्या माणसाचे वल्हे मुलाच्या हातात देणे म्हणजे वडिलांच्या चपला घालून त्याला शर्यतीत उतरवणे होय.

आता आमच्या पहिलवानाच्या चुकीकडे येऊ. ती वस्तुतः एक नव्हती. दोन होत्या, आणि दांडा हातातल्या हातात अर्धा फिरला, की दोन्ही एकदम घडतात.

पहिली चूक पोटाची आणि पाठीची. बहुतेक कयाकची पाती सपाट नसून पळीसारखी किंचित खोलगट असतात. ज्या बाजूस खोलगटपणा, ते पात्याचे पोट. फुगीर बाजू ही पाठ. ओढताना पोट आपल्याकडे, म्हणजे होडीच्या मागील बाजूकडे असले पाहिजे. एक पळी बादलीत उभी धरून पोटाच्या बाजूने ओढा आणि नंतर पाठीच्या बाजूने. पोट पाणी धरून ठेवते. पाठीवरून ते दोहीकडे निसटते. वेधशाळेच्या गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणारे चक्र तुम्ही चित्रात तरी पाहिले असेल. त्याला तीन-चार वाट्या आडव्या बसवलेल्या असतात. वारा सगळ्या वाट्यांवर सारखाच येतो, तरी चक्र एकाच दिशेने फिरते, कारण वाटीचे पोट वाऱ्याला जेवढे अडवते, त्याच्या एक तृतीयांशही तिची पाठ अडवीत नाही. वल्ह्याचा खोलगटपणा वाटीइतका नसतो, म्हणून फरकही इतका मोठा पडत नाही. पण ओहोटीच्या विरुद्ध जाताना जो थोडासा फरक आपल्या बाजूस हवा, तोच या उलट्या वल्ह्याने गमावला जातो.

दुसरी चूक कडांची, आणि ती अधिक मजेची आहे. कयाकचे पाते नीट निरखले, तर त्याच्या दोन कडा सारख्या नसतात. एक कड लांब, दुसरी आखूड. टोक तिरपे कापल्यासारखे. पहिल्यांदा पाहणाऱ्यास ते मोडलेले वाटते. पण कागद घेऊन आकृती काढा. पाण्याची एक आडवी रेघ ओढा. वल्हे पाण्यात उभे जात नाही. दांडा तिरपा असतो, एक हात वर, दुसरा खाली. म्हणून पाते तिरपेच पाण्यात शिरते. आता त्या तिरप्या दांड्याच्या टोकाला दोन्ही कडा सारख्या असलेले पाते काढा आणि ते अर्धेअधिक बुडवा. पाण्याची रेघ पात्याला तिरपी छेदून जाईल, आणि दांड्याच्या खालच्या अंगाचे पाते पाण्यात जास्त, वरच्या अंगाचे कमी, असे दिसेल. ज्या अंगावर पाणी जास्त, त्या अंगावर जोर जास्त. परिणामी प्रत्येक ओढीबरोबर दांडा मुठीत पिळतो आणि तो सरळ ठेवण्यासाठी मूठ घट्ट आवळावी लागते. यावर कारागिरांनी काढलेली तोड अगदी साधी आहे. खालची कड थोडी कापून टाकावयाची. मग पाण्यात बुडालेला भाग दांड्याच्या दोन्ही अंगांस सारखा होतो आणि पिळणे थांबते. म्हणून लांब कड नेहमी वर, आखूड कड खाली.

हे वल्हे उलटे धरले म्हणजे काय होते, ते आता सांगावयास नकोच. जो पीळ घालवण्यासाठी पात्याची कड कापली, तोच पीळ दुपटीने परत येतो. मुलाच्या हाताला आलेले फोड आणि आखडलेले मनगट हे होडी ओढल्याने आले नव्हते. ते दांडा आवळून धरल्याने आले होते. अर्थात सारा दोष पात्यावर ढकलणे बरोबर नाही. ओहोटी होती, उशीर होता, आणि घाबरल्यामुळे मुलगा पाते पुरते बुडवण्याआधीच ओढीत होता. ताकदीची माणसे हीच चूक अधिक करतात, असे मामांचे मत आहे. बारीक अंगाची मुलगी वल्हे नीट रोवते, कारण नुसत्या जोरावर आपले भागणार नाही हे तिला ठाऊक असते.

पात्याची एक फडफडही असते. विहिरीत नाणे टाकले, तर ते सरळ तळाशी जात नाही. डुलत डुलत, कधी या अंगावर तर कधी त्या अंगावर होत जाते, हे तुम्ही पाहिले असेल. सपाट वस्तू पाण्यातून समोरासमोर जाऊ लागली, की तिच्या दोन्ही कडांमागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि तिला डावी-उजवीकडे हिसके देतात. एखादी थाळी दोन बोटांत धरून हौदातून ओढून पाहा. यावर उपाय म्हणून पुष्कळ पात्यांच्या पोटावर मधोमध लांबट उंचवटा ठेवलेला असतो, घराच्या आढ्यासारखा. पाणी त्याच्या दोन्ही उतारांवरून सारखे वाटले जाते आणि पाते शांत राहते. थोडी पकड कमी होते. पण नवशिक्याला पकडीपेक्षा शांत पाते अधिक उपयोगी.

रुंद पाते की अरुंद, हा वाद मात्र जुना आहे आणि तो मिटेल असे वाटत नाही. आखूड, रुंद पात्याचे वल्हे जवळजवळ उभे धरून होडीच्या अगदी लगत ओढतात. त्याने वेग येतो. अरुंद, लांब पात्याचे वल्हे कमी उंचीवर, तिरपे धरून सावकाश चालवतात. त्याने दिवसभर जाता येते. या दुसऱ्या प्रकाराचे टोक म्हणजे ग्रीनलंडचे वल्हे. त्याचे पाते रुंदीला आठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे मुठीत मावेल एवढेच. पाहणारा म्हणेल, ही काठी आहे, वल्हे नव्हे. पण त्याची लांबी मोजा. पाते इतके लांब असते, की क्षेत्रफळ रुंद पात्याच्या मानाने फारसे कमी भरत नाही. तेथे झाडे नाहीत. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडातून वल्हे कोरावयाचे, म्हणून अरुंद आकार सोयीचा. शिवाय वादळी वाऱ्यात रुंद पाते हवेत उचलले की वारा ते पकडतो. या पात्याला वाऱ्याचा त्रास कमी. आणि कयाक उलटली, तर पात्यालाच धरून, त्याच्या लांबीचा तरफेसारखा उपयोग करून, ती पुन्हा सुलटी करता येते. बर्फाळ पाण्यात शिकारीला जाणाऱ्या माणसाला वेगापेक्षा याचीच गरज अधिक.

मामांच्या होडीवरील वल्हे याच्या अगदी उलट आहे. लांब बांबू आणि टोकाला लंबगोल फळी, दोरीने घट्ट बांधलेली. त्या फळीला ना पोट, ना पाठ. पहिल्यांदा मला ते ओबडधोबड वाटले होते. मामांनी मात्र मला त्याचा हिशेब समजावून सांगितला. फळी खडकावर आपटून फुटली, तर दोरी सोडून दुसरी बांधावयाची, बांबू तोच. सपाट असल्याने ती पुढे-मागे दोन्हीकडे सारखी चालते, आणि जाळ्याजवळ होडी क्षणात मागे घ्यावी लागते, तेव्हा हाच गुण कामाचा. पळीसारखे पाते मागे ढकलताना दुबळे पडते.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या भाषेत दोन्हींना वल्हेच म्हणतात, पण मामांचे वल्हे होडीच्या काठावरील खुंटीला दोरीच्या फासात अडकवलेले असते. खुंटी हा टेकू, बांबू ही तरफ. वल्हवणारा मागे तोंड करून बसतो आणि पाठीच्या, पायांच्या सगळ्या बळाने ओढतो. कयाकचे वल्हे कशालाच अडकवलेले नसते. दोन्ही हातच त्याचा आधार. खुंटीचे वल्हे बळकट, पण त्याला दोन्ही बाजूंस जागा लागते. सुरतेतील ज्या कुटुंबांनी २००६ सालच्या ऑगस्टमधील तापीचा महापूर पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. घरांच्या दोन ओळींमधील गल्लीत होडी शिरली, की लांब वल्ही पसरता येत नाहीत. तेथे हातातले आखूड वल्हे चालते, नाहीतर तळाला टेकणारा बांबू.

खुंटीच्या वल्ह्यांतही पात्याचा आकार शर्यतींनी बदलला. पूर्वी ती पाती लांबट आणि अरुंद असत. १९५९ साली फ्रान्समधील माकाँ गावी युरोपच्या अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. तेथे आखूड आणि रुंद पाती दिसली, आणि पुढे तीस वर्षे त्या पात्याला ‘माकाँ’ हेच नाव राहिले. नंतर १९९१ साली अमेरिकेत कुऱ्हाडीच्या पात्यासारखे पाते निघाले. त्यात दांडा मधोमध न येता वरच्या अंगास येतो. त्यामुळे पाते सगळे बुडते, पण दांडा पाण्यात ओढला जात नाही. हे पाते मोठे असल्याने वल्ह्याची लांबी कमी करावी लागली. सायकलच्या गिअरचा तोच हिशेब!

अशाच वल्ह्यांनी दत्तू भोकनळ यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा क्रमांक मिळवला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ते नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे. गाव दुष्काळी पट्ट्यातले. त्यांनी वडिलांबरोबर विहिरी खणण्याचे काम केलेले. २०१२ साली ते लष्करात गेले आणि वल्हे हाती आले ते त्यानंतर. आपल्या शाळेतील निम्मी मुले खानदेशातून आलेल्या घरांतील आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पाण्याची ओळख उशिरा झाली, म्हणून काही बिघडत नाही. कयाकही महाराष्ट्राला अगदी नवी नव्हे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा, आणि तेथील रेगाटात मुळेच्या पात्रात विद्यार्थी कयाक चालवीत आले आहेत.

आता राहिले ते सर्वांत विलक्षण पाते. १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमधील लोकांनी ते काढले, आणि पुढे नॉर्वेत त्याला पीळ देऊन ते सुधारले गेले. त्याचा आकार पक्ष्याच्या पंखासारखा, एक कड आत वळलेली. म्हणून त्याला ‘पंख-पाते’ म्हणू. ते सरळ मागे ओढावयाचे नसते. पावलांजवळ पाण्यात घालून ते होडीपासून तिरपे बाहेर न्यावयाचे. बाहेर सरकताना पाणी त्याच्या फुगीर पाठीवरून धावते, तेथील दाब उतरतो, आणि पोटाकडील पाणी पात्याला पुढे रेटते. घारीचा पंख किंवा विमानाचा पंख हवेत ज्या रीतीने वर उचलला जातो, त्याच रीतीने. फरक एवढाच, की येथे उचल वर नसून पुढे असते. शिवाय पाते सारखे नव्या, न ढवळलेल्या पाण्यात जात राहते. म्हणून ते मागे घसरत नाही म्हटले तरी चालेल. जेथे घातले, जवळजवळ तेथूनच ते बाहेर निघते. मामांचे ‘रोवणे’ ते हेच! पाण्यात काठी रोवता येत नाही, हे आपण वर म्हटले. या पात्याने ते जवळजवळ साधले. शर्यतींत थोड्याच वर्षांत सपाट पाती मागे पडली. मात्र हे पाते लहरी आहे. होडी वळवणे, थांबवणे, तोल सावरणे या कामी ते नवशिक्याला दगा देते, म्हणून भाड्याच्या कयाकमध्ये ते नसते आणि नसावे.

भोपाळच्या तलावावर सराव करणाऱ्या प्राची यादव यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या पायांत बळ नाही. २०२१ साली टोकियोत झालेल्या पॅरालिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि २०२३ साली हांगचौ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. सुवर्ण कयाकमध्ये, दोन पात्यांच्या वल्ह्याने. रौप्य ‘वा’ नावाच्या होडीत, एका पात्याच्या वल्ह्याने. ही ‘वा’ होडी मूळची पॅसिफिक महासागरातील बेटांवरची. तिच्या एका अंगास आडव्या दांड्यांनी एक लाकूड जोडलेले असते, म्हणजे होडी कलंडत नाही. हे वाचताना मी थबकलो, कारण हीच तर माझ्या मामांच्या होडीची उलांडी! त्या होड्यांच्या वल्ह्याचे पाते दांड्याशी सरळ रेषेत नसून सुमारे १० अंशांनी पुढे कललेले असते. सरळ वल्ह्याचे पाते ओढीच्या शेवटी तिरपे होऊन पाणी वर उचलते आणि होडी खाली दबते. थोडा कल दिला, की पाते अखेरपर्यंत उभे राहते.

दोन्ही टोकांची पाती एकमेकांशी कोन करून बसवण्याचीही पद्धत आहे, म्हणजे हवेतील पाते वारा अडवीत नाही. पूर्वी हा कोन सरळ काटकोन असे. मनगटे दुखू लागली, म्हणून आता तो पुष्कळ कमी ठेवतात. शिकताना कोन नसलेलेच वल्हे घ्यावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नदीवर गेलो, या वेळी भरतीच्या आधी, आणि काठापासून दूर न जाता. ज्याच्या हाताला फोड आले होते, त्याने तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्याने वल्हे उचलले, लांब कड वर आहे की नाही ते पाहिले, पोट आपल्याकडे आहे की नाही ते बोटाने चाचपले, आणि मगच तो बसला. चार-सहा ओढी झाल्यावर तो मला ओरडून म्हणाला, “सर, आज पाणी उडत नाही!” मामांनी कयाकवाल्या तरुणाला विचारून घरातील तांबड्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि सोळाही पात्यांच्या वरच्या कडेला, पोटाच्या बाजूस, एकेक ठिपका दिला. वल्हे हातात घेताना चारी ठिकाणी पाहावयाची गरज नाही. तांबडा ठिपका वर आणि आपल्याकडे असला म्हणजे झाले. रंग वाळेपर्यंत मुले काठावर बसून राहिली. ज्याने हे सगळे घडवून आणले, तो पहिलवान मात्र मामांच्या होडीत जाऊन बसला आणि त्या बांबूच्या वल्ह्याची फळी दोरीने कशी बांधतात, ते विचारू लागला.